दौंडचं स्थळ

आप्पांनी कशालाही सरळ "हो" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. नळाचा वॉशर बदलायचा असो, की गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी बांधायची असो, त्यांचं उत्तर एकच असे: "चौकशी करतो." आणि मग ते खरोखरच चौकशी करत. एका वॉशरसाठी ते एकदा तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन आले. परत आल्यावर आम्हाला तीन प्रकारच्या वॉशरचे गुणदोष, ते विकणाऱ्या तीन दुकानदारांच्या स्वभावांसकट, ऐकून घ्यावे लागले. नळ तोवर गळतच होता.

शिक्रापूरला हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यांच्या बारा खोल्या होत्या. मूळचे ते तळेगाव ढमढेऱ्याचे, ऊस आणि वांगी करणारे. कंपन्या आल्या, भाड्यानं राहणारी पोरं आली, तसे ते खोल्या बांधून अक्कांसकट, म्हणजे आपल्या बायकोसकट, शिक्रापूरला राहायला आले. मी चार वर्षं त्यांच्या सात नंबरात काढली. खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला आठ दिवस ताटकळत ठेवलं होतं. तेवढ्या दिवसांत त्यांनी आमच्या गावात चार फोन लावले. मी नांदेड जिल्ह्यातला, मुखेड तालुक्याचा. इतक्या लांब यांची ओळख कुठून निघाली, देव जाणे. नवव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "सातवीत बाक मोडला हुतास. पण मास्तरनं इचारायच्या आत सोताच सांगितलंस म्हणं. ही घे किल्ली."

आमची नावं मात्र त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. नाव आईबाप हौसेनं ठेवतात, त्यातून माणसाची काहीच माहिती मिळत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे मी मुखेड, माझ्या शेजारचा गोरखपूर, आणि वरच्या खोलीतले दोघे भाऊ म्हणजे मोठा उमरगा आणि धाकटा उमरगा. सकाळी साडेपाचला पाण्याची मोटर लावून ते अंगणातून एकेकाला हाका मारत, तेव्हा नवख्याला वाटावं की आपण चुकून एसटी स्टँडवर झोपलो होतो.

हा खोल्यांचा सगळा जोडधंदा. त्यांचा जीव होता सोयरिकी जुळवण्यात. घोडनदीपासून भीमेपर्यंतच्या गावांत कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा कुठं चिकटलाय, कुणाच्या घरात दोन चुली झाल्यात, हे सारं त्यांना तोंडपाठ. एका पैची दलाली नाही. लग्नात मध्यस्थाला मानाचा टॉवेल-टोपी मिळतो, तेवढाच घ्यायचे. अशा टॉवेल-टोप्यांनी त्यांचं एक कपाट गच्च भरलं होतं, आणि बारा खोल्यांतल्या कुणाला अंग पुसायला टॉवेल विकत घ्यावा लागला नाही. टोप्यांना आमच्यात गिऱ्हाईक नव्हतं. फक्त गोरखपूरनं एक नेली, ती घालून तो गावी गेला, आणि तिथल्या एका लग्नात लोकांनी त्याला महाराष्ट्रातला पुढारी समजून पहिल्या रांगेत बसवलं. परत आल्यावर तो आणखी दोन घेऊन गेला.

स्थळाची माहिती काढायचं त्यांचं एक शास्त्र होतं. न्हाव्याला विचारायचं नाही, कारण त्याला गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. किराणावाला अर्धंच बोलतो. भावकी तर मुळीच नाही. खरी माहिती पिठाच्या गिरणीवर. तिथं दळण होईपर्यंत बायकांना उभं राहावं लागतं, हात मोकळे असतात, आणि गिरणीच्या आवाजात बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं. आप्पा दोन किलो ज्वारी पिशवीत घालून परगावच्या गिरणीवर नंबर लावून उभे राहत. ज्या आठवड्यात चौकशा फार, त्या आठवड्यात अक्का कपाळावर हात मारून म्हणायच्या की घरात माणसं दोन आणि पीठ लग्नघराएवढं. मग आम्हा सगळ्यांना भाकरी मिळायच्या.

आता मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय आप्पांचा सगळ्यात मोठा पराक्रम सांगता येणार नाही.

मी एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या मशीनवर, होतो. एका दुपारी प्रेसवर माझ्या जोडीदाराच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. हा चाळीसगावचा पोरगा शिरूरला आपल्या बहिणीकडे राहून रोज जाऊन-येऊन करायचा. त्यानंतर चार दिवस मी नेमानं कामावर गेलो, आणि मला वाटलं, मी मोठा घट्ट काळजाचा आहे. पाचव्या दिवशी बटण दाबायला हात पुढे केला तो गारच पडला. छाती धडधडायला लागली, घाम फुटला, आणि मी शॉपमधून बाहेर पळत येऊन सायकल स्टँडला टेकून बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कंपनीचं गेट लांबून दिसलं तरी तेच. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, हृदय बैलासारखं आहे म्हणून सांगितलं, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की समुपदेशकांना भेटावं. मी विचारलं, कुठल्या? ते म्हणाले, पुण्याला पुष्कळ आहेत.

पुण्याच्या एका बाईंशी मी फोनवर व्हिडिओ लावून बोलायचा प्रयत्न केला. बाई चांगल्या होत्या. पण आमच्या खोलीत आम्ही तिघं. बाई म्हणाल्या, आता अगदी मोकळेपणानं बोला, आणि माझ्या पाठीमागे एकजण मिरचीला फोडणी देत होता. तिघेही खोकलो. मी गच्चीवर गेलो तर हायवेवरच्या ट्रकांनी हॉर्नचा धडाका लावला. त्या बाईंनी मला मनातलं काही विचारण्याऐवजी तीनदा विचारलं की तुम्ही नेमके कुठे उभे आहात. मी फोन ठेवला आणि पुन्हा लावला नाही.

सुपरवायझर समजूतदार होता. त्यानं दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळवून दिली आणि सांगितलं, तेवढ्यात मशीनवर उभा राहिलास तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. म्हणजे दोन महिन्यांत प्रेसपाशी उभं राहायचं, नाहीतर वळकटी बांधून मुखेडला. तिकडे काय होणार ते ठाऊकच होतं. आई अंगारा लावणार, चुलते कुठल्यातरी भगताकडे नेणार, आणि गावभर होणार की पोरगा पुण्याकडून डोकं फिरवून आला. खरं सांगायचं तर माझी स्वतःचीही तीच समजूत होत चालली होती. मला भीती वाटत होती की मला वेड लागतंय.

मी कामावर का जात नाही, हे आप्पांनी तिसऱ्या दिवशीच हेरलं. चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून तीनदा वाचली, आणि समुपदेशक म्हंजी काय ते विचारलं. मी सांगितलं, ज्याच्यापाशी मनातलं सगळं बोलायचं असा शिकलेला माणूस. त्यावर त्यांनी चिठ्ठीची घडी केली. मग म्हणाले, "म्हंजी सोयरीकच झाली की ही. सोताच्या बायकूला बोलत न्हाई ते त्याला सांगायचं. असा माणूस पाटी वाचून आन् फोन लावून मिळतुय व्हय? थांब, चौकशी करतो."

मला वाटलं, आता संपलं. वॉशरला आठ दिवस लागले, मला किती लागणार.

पहिलं स्थळ शिरूरचं निघालं. दारावर ठळक अक्षरांत 'कौन्सिलिंग' लिहिलेलं होतं. आतल्या सरांनी आम्हाला प्रेमानं बसवलं, मला दहावीला मार्क किती होते, गणित कसं होतं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते विचारात पडले, आणि अजूनही वेळ गेलेली नाही, डिप्लोमाला जागा आहेत, असा मला धीर दिला. आम्ही मुलांना कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या ऑफिसात बसलो होतो, हे अर्ध्या तासानं उमगलं. आप्पांना तो माणूस मात्र आवडला. पुढे धाकट्या उमरग्याच्या मेव्हण्याचा प्रवेश त्यांनी तिथूनच केला.

त्यानंतर आप्पांनी धोरण बदललं. आता आधी ते एकटे जाऊन बघणार आणि पसंत पडलं तरच मला नेणार. शिरूरलाच एकजण ताणमुक्तीचे वर्ग घेत होते. आप्पा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि आपल्याला म्हशीची फार काळजी वाटते, रात्र रात्र डोळा लागत नाही, असं सांगितलं. गृहस्थांनी चाळीस मिनिटं सकारात्मक विचारांवर भाषण केलं, दोनदा टाळ्या वाजवायला लावल्या आणि शेवटी आरशात बघून हसायला सांगितलं. आप्पा संध्याकाळी आले ते खट्टू होऊन. "माणूस लबाड न्हाई," ते म्हणाले, "पर म्हशीला काय झालंय, हे एकदाबी इचारलं न्हाई."

त्या दिवशी मी अक्कांपाशी कुरकुर केली, की आप्पांना हा खेळ वाटतोय आणि इकडे माझे दिवस चाललेत. अक्का शेंगा निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि मला एक गोष्ट सांगितली. आप्पांची धाकटी बहीण होती. चांगलं स्थळ आलं म्हणून घाईघाईनं, कुणालाही न विचारता, तीन दिवसांत तिचं लग्न उरकलं. वर्षाच्या आत ती परत आली, आणि आली ती गप्पच. चार वर्षं ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसायची. लोकांनी गंडे बांधले, देव केले, उतारे टाकले. "सगळं केलं बघ," अक्का म्हणाल्या, "निस्तं तिच्याम्होरं बसून 'काय झालं गं' म्हणून इचारलं न्हाई कुणी. ह्यांनीबी न्हाई." पुढे ती हळूहळू सावरली, आज तळेगावला भावकीतल्या पोरांना सांभाळते, चारचौघींसारखी हसते-बोलते. पण आप्पांची चौकशी तिथून सुरू झाली. मी उरलेल्या शेंगा निवडायला लागलो. पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

दौंडचं स्थळ आप्पांना सापडलं ते त्यांच्या स्वतःच्याच फाइलीत. लग्नाच्या मुलामुलींचे बायोडाटा त्यांनी एका निळ्या प्लॅस्टिकच्या फाइलीत लावले होते. त्यात एका मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: मानसशास्त्रात एम.ए., व्यवसाय समुपदेशन. वडील रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. आप्पांनी दोन किलो ज्वारी उचलली आणि दौंडची वाट धरली.

दिवस मावळता परत आले तेव्हा चेहरा असा फुललेला, की जणू त्यांनाच नोकरी लागली होती. दळण काही त्यांनी तिथं केलंच नव्हतं, ज्वारी तशीच परत आणली. अंगणातूनच मला हाक मारून म्हणाले, "मुखेड, काम झालं. चार बायकांना इचारलं. पोरगी नऊ वर्षं त्या गिरणीवर दळण आणती, आन् तिच्या घरातली एक गोष्ट कुणाला म्हाईत न्हाई. कोण येतंय, कोण जातंय, काय शिजतंय, काय न्हाई. आरं, उभ्या आयुष्यात असं घर बघितलं न्हाई म्या." एखाद्या मुलीची गिरणीवर काहीच माहिती मिळाली नाही म्हणून तिला शंभरपैकी शंभर मार्क दिल्याची ही पहिलीच वेळ असावी. पण विचार करून पाहिलं तर याच्यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र मला तरी सुचत नाही.

घोटाळा झाला तो यातूनच. टोपी घातलेला एक वयस्कर माणूस हातात पिशवी घेऊन गल्लीत एका उपवर मुलीची चौकशी करून गेला, म्हणजे त्याचा अर्थ काय, हे दौंडमध्येच काय, साऱ्या जिल्ह्यात कुणालाही कळतं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा, गार्डसाहेबांचा, आप्पांना फोन आला. कधी येताय, म्हणाले. आप्पांना वाटलं, काय अगत्याची माणसं आहेत. आम्ही रविवारी अकराला येतो, पाच जण आहोत, म्हणून त्यांनी कळवूनही टाकलं. एवढी माणसं कशाला, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं आणि दोघंच जायचं, म्हणजे त्या घराला कमी लेखल्यासारखं होतं.

आम्ही जीपनं निघालो: आप्पा, अक्का, त्यांचे एक चुलतभाऊ, मोठा उमरगा आणि मी. अक्कांनी मला पांढरा शर्ट घालायला लावला होता. न्हावऱ्यावरून, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून, चौफुला करत दौंडला पोचलो तर दारात रांगोळी. घरात नवे पडदे, सतरंजी, आणि मुलीचे मामा कडक इस्त्रीच्या कपड्यात. मला मधोमध बसवलं. पोहे आले, त्यावर ओलं खोबरं. मी मनात म्हटलं, पुण्यात ही अशी पद्धत नसेल.

मग मामांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. शिक्षण किती, कंपनी कुठली, पर्मनंट का, गावाकडे शेती किती, घरी कोण कोण. मला वाटलं, दवाखान्यात आधी कंपाउंडर केस पेपर भरून घेतो तसं हे असणार. मी सगळं नीट सांगितलं. तंबाखू? नाही. दारू? नाही. शेवटी ते जरा पुढे झुकून, आवाज उतरवून म्हणाले, तब्येतीचा काही त्रास वगैरे? आता मुद्द्याची गोष्ट आली म्हणून मी हातातली बशी खाली ठेवली आणि अगदी बैजवार सांगितलं, की झोप येत नाही, छाती धडधडते, हात गार पडतात, कंपनीचं गेट दिसलं की पळून जावंसं वाटतं, आणि कधी कधी वाटतं की मला वेड लागणार.

मामांनी गार्डसाहेबांकडे पाहिलं, गार्डसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. चुलतभावांनी या संधीत आणखी पोहे वाढून घेतले. मामा बिचारे भले गृहस्थ. ते हळूच एवढंच म्हणाले, की चाळीस ठिकाणी बैठकीला बसलो, पण इतका खरं बोलणारा मुलगा नाही पाहिला.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून ती बाहेर आली. साडी नाही, हातात ट्रे नाही, साधा पंजाबी ड्रेस आणि कपाळावर आठ्या. पाहुणे येणार हे तिला त्याच सकाळी सांगितलं होतं, आणि ती आम्हाला खडसवायलाच निघाली होती, असं तिनंच मला पुढे सांगितलं. पण दाराआडून तिनं माझं उत्तर ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग वडिलांकडे. "बाबा, ही माणसं मला बघायला आलेली नाहीत," ती म्हणाली. "यांना माझ्याकडे काम आहे."

आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा ते ताडकन उठले, टोपी काढली, आणि गार्डसाहेबांचे दोन्ही हात धरून उभे राहिले. आयुष्यभर इतरांच्या चौकशा करणाऱ्या माणसाला, आपल्या चौकशीमुळे लोक काय समजतील, हे एकदाही सुचलं नव्हतं. एवढं खजील झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या लेकीला हिऱ्यासारखं स्थळ आणून देतो, असं काहीतरी ते बोलायला लागले, तर ती म्हणाली की त्याची मुळीच गरज नाही. हा विषय तिनं त्यांना पुढेही कधी काढू दिला नाही. तिनं सगळ्यांना बाहेर ओट्यावर बसवलं, चहा तिकडेच पाठवला, आणि दार लावून माझ्यासमोर बसली. मला एकदम हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसलो. तीही हसली. कितीतरी दिवसांनी हसत होतो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. तिनं मला थांबवलं नाही. पुरतं शांत झाल्यावर तिनं विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

मी सांगितलं. तोवर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी त्या प्रेसवर मी असायला हवा होतो. घरून आईचा फोन येणार होता, म्हणून दहा मिनिटं माझी मशीन सांभाळ, असं मीच जोडीदाराला सांगून बाहेर गेलो होतो. आईनं फोनवर गायीला कालवड झाल्याचं सांगितलं. मी हसत हसत परत आलो तो आत आरडाओरडा चालू होता. त्यानंतर मी एकदाही त्याला भेटायला शिरूरला गेलो नव्हतो. जाऊ शकलो नव्हतो.

तिनं मला तुझी चूक नाही असं सांगितलं नाही, की टाळ्याही वाजवायला लावल्या नाहीत. दर रविवारी ती विचारायची आणि ऐकायची. धडधड सुरू झाली की श्वास कसा घ्यायचा ते तिनं शिकवलं. एकदम मशीनपाशी जायचं नाही, म्हणाली. आधी नुसतं गेटपर्यंत जा, मग कँटीन, मग बंद मशीन, मग चालू, आणि सुरुवातीला कुणीतरी सोबत असू दे. सोबत कोण असणार, ते सांगायला नकोच. आप्पा रोज सकाळी माझ्याबरोबर गेटवर येऊन उभे राहायचे. मी श्वास मोजायचो आणि ते वॉचमनशी बोलायचे. पंधरा दिवसांत मी कँटीनपर्यंत पोचलो आणि आप्पांनी वॉचमनच्या भाचीचं लग्न ठरवलं.

सहाव्या रविवारनंतरच्या सोमवारी मी प्रेसचं बटण दाबलं. हात गार होता, पण मी जागा सोडली नाही. रजेचे चार दिवस तेव्हा शिल्लक होते. सुपरवायझरनं मला मिठी मारली, आणि त्याच्या अंगाला ऑइलचा वास येत होता तो मला फार चांगला वाटला.

नवव्या रविवारी ती म्हणाली, आता महिन्यातून एकदा आलास तरी पुरे. परत येताना जीपमध्ये मी आणि आप्पा दोघंच होतो. ते गाडी चालवत होते. पारगावचा पूल ओलांडला आणि इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. म्हटलं, "आप्पा, एसटीत शेजारी बसलेल्याला तुम्ही त्याच्या सासऱ्याचं ऑपरेशन कुठं झालं ते विचारता. नऊ रविवार बाहेर ओट्यावर बसलात, पण आत मी काय बोललो ते एकदाही विचारलं नाहीत."

आप्पांनी मागचा एक टेंपो पुढे जाऊ दिला. मग म्हणाले, "सोयरीक जुळवणाऱ्याचं काम उंबऱ्यापातूर. उंबऱ्याच्या आत त्या दोघांचं. तिथं ज्यानं कान लावला, त्यो मध्यस्थ न्हाई, चोर."

मग मीच त्यांना सगळं सांगितलं. मशीन सोपवल्याचं, फोनचं, कालवडीचं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मला म्हाईत हाय. तुझ्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशीच शिरूरला जाऊन आलो. त्या पोराला भेटलो. त्यानंच सांगितलं."

मी विचारलं, तो काय म्हणाला.

"ते म्या न्हाई सांगायचा," आप्पा म्हणाले. "ते तू त्याला इचार."

न्हावऱ्याला रस्ता फुटतो. डाव्या हाताला तळेगाव करून शिक्रापूर, आणि सरळ गेलं की शिरूर. आप्पांनी फाट्यावर गाडी कडेला घेतली आणि चालू ठेवली. मागून टेंपोवाले हॉर्न मारत होते. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्या उत्तराची वाट पाहत बसून राहिले. मी तिनं शिकवलेला श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"सरळ घ्या," मी म्हटलं.

शिरूरला बहिणीच्या घराचं दार त्यानंच उघडलं. डावा हात त्यानं लपवला नाही. मला बघून त्याचे डोळे भरले, आणि माझेही. त्यानं एवढंच विचारलं, "आईचा फोन कशाला होता रे त्या दिवशी? घरी सगळं बरं आहे ना? तीन महिने तीच काळजी लागून राहिलीय मला."